संडासच्या रिपोर्टात न दिसणारा जंतू

बाटलीबंद पाणी प्यायलं की पोटाची चिंता नाही, हा आपल्याकडचा पक्का समज. प्रवासाला निघताना बाळाच्या पिशवीत दुपट्यांच्या आधी सीलबंद बाटली जाते. तमिळनाडूतल्या वेल्लोर शहरात ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी हा समज एकदा रीतसर तपासून पाहिला. शहरातल्या ज्या दाट वस्त्यांत ही मंडळी वर्षानुवर्षं काम करताहेत, तिथं घराघरात विड्या वळल्या जातात. नगरपालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं. ते प्लास्टिकच्या घागरींत भरायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचं. या वस्त्यांतल्या तान्ह्या मुलांवर दोन वर्षं नजर ठेवली गेली. निम्म्या मुलांच्या घरी पिण्यासाठी बाटलीबंद पाणी पोचवलं गेलं, बाकीची घरं नेहमीचंच पाणी पीत राहिली. कार्यकर्ते घरी येऊन विचारपूस करत आणि मुलांच्या शौचाचे नमुने नियमानं प्रयोगशाळेत जात.

निकाल २०१३ साली छापून आला. दोन वर्षांत सुमारे दोन तृतीयांश मुलांना एका विशिष्ट परजीवीची लागण होऊन गेली होती. बाटलीतलं पाणी पिणारी मुलंही त्यातून सुटली नव्हती. दोन गटांत म्हणण्यासारखा फरकच नव्हता.

या परजीवीचं नाव क्रिप्टोस्पोरिडियम. नाव अवघड आहे, आणि ते कुणाच्या तोंडी नसण्याचं तेवढंच कारण नाही. पोटातल्या परजीवींशी आपली ओळख आहे ती जंतांमुळे आणि अमीबामुळे. जंतांची गोळी शाळेत आणि अंगणवाडीत मिळते. आव पडली की ‘अमीबा झाला असेल’ असं घरातली म्हातारी माणसंही सांगतात. जिआर्डिया निदान पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात तरी अधूनमधून दिसतो. क्रिप्टोस्पोरिडियम डॉक्टरांना पाठ्यपुस्तकात एड्सच्या प्रकरणात भेटतो आणि बहुतेकांच्या लेखी तो तिथंच राहतो. तान्ह्या मुलाला आठ दिवस जुलाब होताहेत म्हटल्यावर त्याची आठवण होणारे डॉक्टर मोजकेच.

खरं तर आठवण व्हायला हवी, हे जगाला कळून आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. डिसेंबर २००७ पासून तीन वर्षं आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी एक प्रचंड अभ्यास चालला. गांबियातलं बासे, मालीची राजधानी बामाको, मोझांबिकमधलं मनिसा, पश्चिम केनिया, कराचीचा बिन कासिम भाग, बांगलादेशातलं मिर्झापूर आणि आपलं कोलकाता. ‘जेम्स’ या संक्षिप्त नावानं तो ओळखला जातो. मध्यम ते तीव्र जुलाबानं दवाखान्यात आलेली ९,४३९ मुलं आणि त्यांच्याच वस्तीतली, त्याच वयाची, जुलाब नसलेली १३,१२९ मुलं. दोघांचेही नमुने तपासायचे आणि आजारी मुलात सापडणारा कोणता जंतू निरोगी मुलात तितका सापडत नाही ते पाहायचं. ही तुलना फार महत्त्वाची होती. गरीब वस्तीतल्या मुलाच्या पोटात एका वेळी चार-पाच प्रकारचे जंतू असणं नवलाचं नाही. एखादा सापडला म्हणून तोच गुन्हेगार, असं म्हणता येत नाही. जिआर्डियाचंच पाहा. तीव्र जुलाबाच्या मुलांइतकाच, काही ठिकाणी त्याहून जास्त, तो निरोगी मुलांत सापडला.

मेरिलँड विद्यापीठाच्या कॅरन कोटलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा वर्षाच्या आतल्या मुलांच्या यादीत पहिलं नाव अपेक्षित होतं : रोटाव्हायरस. दुसरं नाव वाचून त्या क्षेत्रातलेही चकित झाले. ते क्रिप्टोस्पोरिडियमचं होतं. एचआयव्हीचा फैलाव असलेल्या ठिकाणी तो असणार, हे गृहीत होतं; पण तो फैलाव नसलेल्या ठिकाणीही तो तसाच हजर होता. एक ते दोन वर्षं वयाच्या मुलांत तर ज्यांच्या जुलाबात हा परजीवी होता, त्यांचा पुढच्या दोन-तीन महिन्यांत मृत्यू होण्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तीव्र जुलाब होऊन गेलेली मुलं पुढच्या साठेक दिवसांत इतर मुलांच्या साडेआठ पट प्रमाणात दगावली, आणि त्यांतली बरीचशी दवाखान्यातून घरी गेल्यानंतर. म्हणजे सलाईन उतरलं, मूल हसलं, आई घरी घेऊन गेली. दवाखान्याच्या वहीत ‘बरा झाला’ अशी नोंद झाली असेल. त्यानंतर काय झालं ते कोणी विचारायला गेलं म्हणून कळलं.

यादीतल्या पहिल्याचं पुढं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. रोटाव्हायरसवर लस निघाली. २०१६ पासून ती भारताच्या लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्यानं आली. हैदराबादच्या भारत बायोटेकची रोटाव्हॅक आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल या दोन्ही लसींना २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळाच्या तोंडात ते थेंब फुकट पडतात. दुसऱ्यासाठी लस नाही. आणि औषधाची गोष्ट अशी आहे, की ती सांगताना राग आवरावा लागतो. त्याआधी तो दिसत का नाही, ते सांगायला हवं.

जुलाब थांबत नाहीत म्हणून डॉक्टर संडासची तपासणी लिहून देतात. आई डबीत नमुना घेऊन जाते. तंत्रज्ञ काचेच्या पट्टीवर सलाईनचा थेंब टाकतो, त्यात काडीच्या टोकाएवढं शौच मिसळतो, वर कव्हरस्लिप ठेवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. अमीबा हलताना दिसतो, जंतांची अंडी तर ठसठशीत दिसतात. क्रिप्टोस्पोरिडियमचे कोष मात्र चार ते सहा मायक्रॉनचे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही लहान, गोल आणि रंगहीन. पाहणाऱ्याला ते यीस्टचे गोळे वाटतात, नाहीतर काहीच वाटत नाही. रिपोर्टावर ‘ओव्हा : नॉट सीन, सिस्ट : नॉट सीन’ असा शिक्का पडतो. रिपोर्ट खोटा नसतो. त्या पद्धतीनं पाहिलं तर तो जंतू खरोखरच दिसत नाही.

त्याला पाहायचं तर पट्टी वाळवून, मिथेनॉलनं पक्की करून, कार्बोल फुक्सिन या लाल रंगात बुडवावी लागते. मग आम्लानं धुवायची. बाकी सगळं रंग सोडतं, हे कोष सोडत नाहीत. शेवटी मॅलाकाइट ग्रीनचा हात फिरवला की हिरव्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल गोल ठिपके उठून दिसतात, काहींच्या आत बारीक काळसर कण. टीबीच्या थुंकीच्या तपासणीची ही चुलतबहीण. म्हणजे ज्या केंद्रात टीबीची पट्टी रंगवली जाते, तिथं रंग, आम्ल आणि सूक्ष्मदर्शक आधीच असतात. नसतो तो फक्त ‘क्रिप्टोसाठी पाहा’ असा डॉक्टरांचा शेरा. अर्थात एका नमुन्यात कोष सापडतीलच असं नाही, आणि मोठ्या संशोधनांत आता जंतूच्या डीएनएवरून निदान करतात. पण जिल्हा रुग्णालयात डीएनएची वाट पाहत बसण्याआधी हातात आहे ते तरी करता येईल.

हा जंतू काही काल-परवा सापडलेला नाही. हार्वर्डमधल्या अर्नेस्ट टायझर यांनी १९०७ साली तो उंदराच्या जठरात पाहिला. त्यानंतर सत्तर वर्षं तो जनावरांच्या डॉक्टरांचाच विषय राहिला. १९७६ मध्ये माणसातली पहिली प्रकरणं नोंदली गेली, त्यांतलं एक अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या तीन वर्षांच्या मुलीचं. मग एड्स आला, आणि १९८२ पासून न थांबणाऱ्या जुलाबांमागं हा सापडू लागला. १९९३ च्या वसंतात मिलवॉकी शहराच्या एका जलशुद्धीकरण केंद्रातून तो मिशिगन सरोवराच्या पाण्याबरोबर घरोघरी गेला आणि अंदाजे ४ लाख ३ हजार माणसं आजारी पडली. शहरातल्या औषधाच्या दुकानांतलं जुलाबाचं औषध संपलं, पाणी उकळून पिण्याचे आदेश निघाले. पाण्यात क्लोरीन होतं. क्लोरीन या कोषांचं काही वाकडं करू शकत नाही, हे त्या दिवशी सगळ्या अमेरिकेला समजलं. पुढं तिथं ओझोनची यंत्रणा आली, गाळणी बदलली, नियम कडक झाले. एका श्रीमंत शहराला एकदा फटका बसला आणि व्यवस्था जागी झाली. बासे किंवा बिन कासिमच्या मुलांना हा फटका रोजचाच आहे, आणि रोजच्या गोष्टीची बातमी होत नाही.

आता पोटात काय घडतं ते. कोष गिळला गेला की लहान आतड्यात तो फुटतो आणि आतून चार सूक्ष्म जीव बाहेर पडतात. मलेरियाच्या परजीवीच्या गोत्रातलेच हे. ते आतड्याच्या अस्तरातल्या पेशीत शिरतात, पण पुरते आत जात नाहीत. पेशीच्या वरच्या कडेशी, तिचंच पांघरूण अंगावर ओढून बसतात. आतड्याचं अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं. त्या बारीक उंचवट्यांमुळेच अन्न शोषून घ्यायला भरपूर जागा मिळते. हा परजीवी तो टॉवेल झिजवून पातळ करतो. उंचवटे बुटके होतात, अन्न आणि पाणी शोषलं जात नाही. काही कोष पातळ कवचाचे असतात, ते आतल्या आतच फुटून पुन्हा लागण करतात. जाड कवचाचे शौचावाटे बाहेर पडतात आणि बाहेर पडल्या क्षणापासून दुसऱ्याला लागण करायला तयार असतात. धडधाकट माणसाचं शरीर दोन-तीन आठवड्यांत त्याला हुसकावतं. ज्याच्या अंगात मुळातच ताकद नाही, त्या मुलाचे जुलाब लांबत जातात. जुलाब चौदा दिवसांपलीकडे गेले, की तो वेगळा आणि जास्त धोकादायक आजार समजायचा असतो.

मृत्यूचे आकडे मोठेच आहेत. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’च्या हिशोबानं २०१६ या एका वर्षात पाच वर्षांखालची ४८ हजारांहून अधिक मुलं या परजीवीच्या जुलाबानं गेली. पण त्याच हिशोबात संशोधकांनी वाढ खुंटण्याची भर घातली, तेव्हा आजाराचा एकूण बोजा अडीच पटीच्या वर गेला. म्हणजे जी मुलं वाचली, त्यांच्याकडून या जंतूनं जे नेलं, ते गेलेल्यांच्या हिशोबापेक्षाही मोठं होतं.

हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं पेरूमध्ये. लिमा शहराच्या कडेला पाम्पास दे सान हुआन ही गरीब वस्ती. तिथल्या मुलांची वजनं विल्यम चेकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात १९८९ ते १९९१ या काळात सातत्यानं घेतली गेली. क्रिप्टोस्पोरिडियममुळे जुलाब झालेल्या मुलांचं वजन लागणीनंतरच्या पहिल्या महिन्यात इतरांपेक्षा ३४२ ग्रॅम कमी भरलं. हे अपेक्षितच. पण ज्यांना लागण झाली आणि जुलाब झालेच नाहीत, त्यांचंही १६२ ग्रॅम कमी भरलं. आणि अशी गुपचूप लागण झालेली मुलं संख्येनं जास्त होती. सहा महिन्यांच्या आत ज्यांना लागण झाली, त्यांची उंची वर्षभरानंतरही मागंच राहिली. ढाक्याच्या मीरपूर झोपडपट्टीत दोन वर्षांत चारपैकी तीन मुलांना लागण झाली, बहुतेक वेळा जुलाबाशिवाय, आणि अशी मुलं दोन वर्षांची होईपर्यंत अतिशय खुजी राहण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त निघाला.

हे वाचताना आपल्याकडचा एक आकडा समोर ठेवावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी होती. देशाचा आकडा ३५.५. आपण पुढारलेले म्हणवतो, पण या बाबतीत देशाच्या सरासरीलाच चिकटून आहोत. या खुजेपणाचं खापर एका परजीवीवर फोडणं चूक ठरेल. आईचं पोषण, जन्माचं वजन, घरातलं अन्न, पहिल्या सहा महिन्यांतलं दूध हे सगळं त्यात आहे. पण ‘मूल खातं, पण अंगाला लागत नाही’ हे वाक्य अंगणवाडीत वजनकाट्यापाशी रोज ऐकू येतं. तेव्हा त्या मुलाच्या आतड्यात काय चाललंय, हा प्रश्न आपल्या पोषणाच्या चर्चेत येतच नाही. चर्चा होते ती अंड्याची आणि खिचडीच्या कंत्राटाची.

पुन्हा वेल्लोरकडे येऊ. चांगलं पाणी देऊनही मुलं का सुटली नाहीत? एकतर लागण व्हायला दहाएक कोषही पुरतात, आणि आजारी मुलाच्या एकेका शौचात ते कोट्यवधींनी असतात. दुसरं म्हणजे या प्रदेशांत सापडणारा मुख्य प्रकार माणसामाणसांत फिरणारा आहे; वासरांकडून येणारा प्रकार वेगळा, आणि श्रीमंत देशांत तो जास्त. मग एका खोलीत सात माणसं. थोरल्या भावाला जुलाब झाले, आईनं त्याला धुतलं, त्याच हातानं धाकट्याला भरवलं. लादी पुसली ते फडकं पुन्हा त्याच बादलीत गेलं. रांगणाऱ्या मुलाचा हात जमिनीवर, मग तोंडात. या सगळ्या वाटा खुल्या असताना पिण्याच्या पाण्याची एक वाट बंद करून भागत नाही. जाहिरातीतली गोड आई पाणी शुद्ध करणाऱ्या ज्या यंत्राला आपलं बाळ सोपवते, त्या यंत्राला घरातली जमीन पुसता येत नाही.

पुढं याहून मोठे प्रयोग झाले. बांगलादेश आणि केनियात, नंतर झिंबाब्वेत, हजारो कुटुंबांना सुधारित संडास, हात धुण्याची सोय, पाण्यात टाकायचं क्लोरीन दिलं गेलं आणि मुलांची उंची वाढते का ते पाहिलं. २०१८ आणि २०१९ मध्ये निकाल आले. बांगलादेशात जुलाब कमी झाले, केनियात झाले नाहीत, आणि उंचीवर तिन्ही देशांत परिणाम दिसला नाही. यावरून काही शहाण्यांनी ‘संडास बांधून उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढला. मला तो साफ चुकीचा वाटतो. क्लोरीनला दाद न देणाऱ्या जंतूवर क्लोरीन चाललं नाही, यात आश्चर्य काय? निम्म्या गल्लीला संडास दिला आणि उरलेली गल्ली उघड्यावर गेली, तर जमीन तेवढीच घाण राहते. युरोपात हे आजार गेले ते घरोघरी चोवीस तास पाणी, जमिनीखालून वाहणारी गटारं आणि पक्क्या फरशा आल्यावर. गरिबांसाठी मात्र बाटलीभर क्लोरीन पुरेसं होईल, अशी आपली अपेक्षा असते.

आता औषध. एकच आहे : नायटाझोक्झनाइड. अमेरिकेत २००२ मध्ये त्याला मुलांसाठी मान्यता मिळाली, तीन दिवसांचा कोर्स. त्याच वर्षी झांबियाची राजधानी लुसाका इथल्या कुपोषित मुलांवरच्या चाचणीचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. ज्या मुलांना एचआयव्ही नव्हता, त्यांत औषध घेतलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचे जुलाब थांबले. नुसतं बिनऔषधी द्रव घेतलेल्यांत २३ टक्क्यांचे. औषध घेतलेल्या २५ मुलांपैकी एकही दगावलं नाही, दुसऱ्या गटातल्या २२ पैकी चार दगावली. एचआयव्ही असलेल्या मुलांना मात्र काहीच फायदा झाला नाही. म्हणजे औषध आहे, पण अर्धवट. आणि ती अमेरिकी मान्यता वर्षाच्या पुढच्या मुलांसाठी. हा परजीवी यादीत दुसरा येतो तो वर्षाच्या आतल्या मुलांत, आणि नेमकं त्यांच्यासाठीच हातात मान्यताप्राप्त काही नाही. वीसहून अधिक वर्षांत त्याच्या जोडीला दुसरं औषध बाजारात आलं नाही.

आपल्याकडे प्रश्न आणखी वेगळा आहे. मेडिकलच्या काउंटरवर ‘भाऊ, पोट बांधायचं काहीतरी द्या’ म्हटलं की हातात पडतं ते ऑफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल यांचं एकत्र सिरप. चवीला गोड, रंगाला पिवळसर. त्यातलं एक जिवाणूंसाठी, दुसरं अमीबा-जिआर्डियासाठी. क्रिप्टोस्पोरिडियमवर दोन्हींचा परिणाम नाही, आणि लहान मुलांचे बहुतेक पातळ जुलाब विषाणूंचे असतात, त्यांच्यावरही नाही.

नवीन औषध निघायला उशीर का, याला शास्त्रीय कारण आहे आणि आर्थिकही. शास्त्रीय कारण असं, की हा परजीवी प्रयोगशाळेत फार काळ वाढवता येत नव्हता. त्याच्या जनुकांत बदल करण्याची पद्धत जॉर्जिया विद्यापीठात बोरिस स्ट्रीपेन आणि सुमिती विनायक यांच्या गटानं २०१५ मध्ये शोधली, आणि त्यासाठी उंदराचं पोट शस्त्रक्रियेनं उघडून परजीवी थेट आतड्यात सोडावा लागला. त्यानंतर काम वेगानं सुरू झालं. काही नवी औषधं माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत पोचली आहेत. आर्थिक कारण गोठ्यात दिसतं. याच परजीवीचा वासरांतला प्रकार नवजात वासरांनाही जुलाब करतो आणि युरोपातल्या दुग्धव्यवसायाला त्यामुळे मोठा तोटा होतो. म्हणून वासरांसाठी हॅलोफ्युजिनोन हे औषध तिथं १९९९ पासून आहे. आणि अलीकडे गाभण गायींना टोचायची लसही तिथं मंजूर झाली. गायीला लस द्यायची, म्हणजे वासराला चिकातून संरक्षण मिळतं. वासराच्या मालकाला पैसे मोजता येतात, म्हणून ही लस निघाली. मुलांच्या लसीची वाट अजून कोणी पुरती चालून गेलेलं नाही.

वासरावरून आईच्या दुधाकडे येणं ओघानंच आलं. ढाक्यातल्या अभ्यासात ज्या आयांच्या दुधात या परजीवीविरुद्धची प्रतिद्रव्यं जास्त होती, त्यांच्या बाळांना लागण उशिरा आणि कमी झाली. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हा आशाताईंचा नेहमीचा सल्ला या परजीवीच्या बाबतीतही लागू आहे.

लस किंवा नवं औषध येईपर्यंत काय? तोवर तेच, जे आपल्याला पन्नास वर्षं माहीत आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हाती दिलं, आणि तीसेक टक्क्यांचा मृत्युदर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला. ते ओआरएस. जंतू कोणताही असो, तीव्र जुलाबात मूल मरतं ते बहुतेकदा पाणी आणि क्षार गेल्यामुळे, आणि ते तोंडानं भरून काढता येतात. परजीवी ओआरएसनं मरत नाही, पण त्याला मूल मारायची संधी कमी मिळते.

इतकं साधं असूनही सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत देशातल्या जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांनाच ओआरएस मिळालं होतं, आणि झिंक मिळालं होतं ३०.५ टक्क्यांना. का मिळत नाही, हे कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टरांवरच्या एका अभ्यासात शोधलं गेलं. संशोधकांनी पाठवलेली माणसं मुलाचे वडील म्हणून डॉक्टरांकडे गेली, जुलाबाची तक्रार सांगितली आणि काय लिहून मिळतं ते नोंदवलं. २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला निष्कर्ष असा : ओआरएस न देण्यामागं पुडी संपणं किंवा नफा ही कारणं किरकोळ निघाली, सर्वांत मोठा वाटा, ४२ टक्के, ‘पेशंटला ओआरएस नको असतं’ या डॉक्टरांच्या समजुतीचा होता. पालकांना वाटतं, पावडर दिली म्हणजे डॉक्टरांनी काही केलंच नाही. डॉक्टरांना वाटतं, पालकांना सिरप आणि सलाईनच हवं. यात मूल बिचारं मधल्या मध्ये.

त्यात बाजारानं भर घातली. ‘ओआरएस’ हे नाव छापलेली गोड पेयं वर्षानुवर्षं औषधाच्या दुकानात, दवाखान्यांच्या आवारातही विकली गेली. त्यांत साखर भरमसाट आणि क्षार कमी. जास्त साखरेनं जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या विरोधात अनेक वर्षं एकट्या लढल्या. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला बंदी केली.

तेव्हा घरात लहान मूल असेल तर इतकं करा. ‘दात येताहेत, म्हणून होतात’ असं म्हणून जुलाब अंगावर काढू नका. ओआरएसच्या पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं पाहून घ्या, आणि लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ती अख्खी मिसळा. अर्धी पुडी अर्ध्या पाण्यात असला हिशोब नको. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, चमचा चहाचाच. झिंकची गोळी जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा चौदा, पुरी करा. अंगावरचं दूध एकदाही चुकवू नका. वरचं खाणारं मूल असेल तर पेज, मऊ भात, मुगाचं वरण तुपाच्या थेंबासह चालू ठेवा, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक खाणं जास्त द्या. हरवलेलं वजन तेव्हाच परत येतं. डोळे खोल गेले, टाळू खचली, पोटाचा चिमटा सोडल्यावर कातडी सावकाश खाली बसली, मूल पाणीही घेईना, शौचात रक्त दिसलं, तर ओआरएस पाजत पाजतच दवाखाना गाठा. लंगोट बदलल्यावर हात साबणानंच धुवा. सॅनिटायझरनं हे कोष मरत नाहीत. आणि जुलाब दोन आठवड्यांपलीकडे गेले, संडासचा रिपोर्ट ‘नॉट सीन’ आला, तर डॉक्टरांना न संकोचता विचारा : क्रिप्टोसाठी पट्टी रंगवून पाहिली का?